पाठमोऱ्या बाईचं लेबल

लोक प्रवासाला जातात ते देव बघायला, समुद्र बघायला, नाहीतर लेकीसुनांची घरं बघायला. आम्ही दोघी जावा कराडहून नवी मुंबईला गेलो ते लेबलं बघायला. परत आल्यावर गल्लीतल्या बायकांनी विचारलं, काय काय बघितलंत? मी खरं ते सांगितलं. त्यांना वाटलं, शैलाबाई नेहमीसारखी थट्टा करते आहे. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

आमच्या थोरल्या जाऊबाई, विमलताई, कांदा-लसूण मसाला करतात. मसाला त्यांचा, डंकावर कुटणाऱ्या बायका त्यांच्या, आणि बाजाराशी बोलायला मी, कारण त्या बोलतात कमी आणि मी जरा जास्तच बोलते. माल जायचा तो बहुतेक सगळा वाशीच्या मसाला मार्केटात. तिथल्या जयंतीशेठनी निरोप धाडला होता, की लेबल बदला, नाहीतर पुढचा माल पाठवू नका. शेठनी माल घेतला नसता तर डंक बंद पडले असते आणि कुटणाऱ्या बायका घरी बसल्या असत्या. एवढ्याने भागलं असतं तर मी गावातूनच नवं लेबल छापून घेतलं असतं. पण ते लेबल अण्णाभावजींनी काढलेलं होतं. अण्णाभावजी म्हणजे विमलताईंचे यजमान, हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. आता ते नाहीत. मसाला सुरू केला तेव्हा त्यांनी विमलताईंना उखळापुढे मुसळ घेऊन उभं केलं आणि चित्र काढायला बसले. विमलताई हटून बसल्या, "माझं तोंड दुकानात न्हाई मांडायचं." मग भावजींनी त्यांना पाठमोरं काढलं. हिरवं लुगडं, अंबाड्यावरून घसरलेला पदर, वर उचललेलं मुसळ. तेच लेबल इतकी वर्षं पाकिटावर होतं. भावजींच्या हातचं बाकी काही घरात उरलेलं नाही, शाळेतली चित्रं शाळेतच राहिली.

माझं मत म्हणाल तर लेबल बदलायलाच हवं होतं. छपाई फिकट झाली होती, कागद पातळ होता. पण हे विमलताईंना सांगणार कोण? मी म्हटलं, चला, बाजार काय मागतो ते डोळ्यांनी बघू आणि मग ठरवू. त्या म्हणाल्या, "बघू की." त्यांच्या "बघू की" मधून काहीच कळत नाही.

नेरूळ, शुक्रवार

माझी भाची माधुरी नेरूळला राहते. तिचे यजमान बेलापूरला नोकरीला. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, खंडाळ्याच्या घाटात माझी मान अवघडली एवढंच.

नेरूळ मला बघताक्षणी आवडलं. आमच्याकडे दोन रिक्षा समोरासमोर आल्या की भांडण ठरलेलं, आणि इथे रस्ते असे रुंद की आमचा आठवड्याचा बाजार आडवा मांडावा. मागे डोंगर, पुढे खाडी, मध्ये ओळीने इमारती. झाडं अजून लहान होती, कमरेएवढी, त्यांना लोखंडी जाळ्या घातलेल्या. सगळं गाव नुकतंच घडी मोडून नेसल्यासारखं दिसत होतं.

इथे गल्लीला नाव नसतं. सेक्टर असतो आणि नंबर असतो. मी मोठ्या ऐटीत रिक्षावाल्याला नंबर सांगितला, जिना चढले, घंटा वाजवली. दार उघडलं ते भलत्याच बाईंनी. इमारत शेजारची होती, जिना तसाच, दारावरचा गणपतीही तसाच. आमच्याकडे अशा वेळी आधी कोण, कुठले, कुणाकडे अशी चौकशी होते. या बाईंनी पिशव्या बघितल्या आणि म्हणाल्या, "रोज कोणी ना कोणी चुकतं हो. आत या, पाणी घ्या."

बाई मूळच्या रत्नागिरीच्या, बँकेत नोकरीला, त्या दिवशी रजेवर होत्या. आम्ही मसालेवाल्या आहोत हे कळल्यावर त्यांनी पाण्याबरोबर चहाही दिला आणि आमचं पाकीट हातात घेऊन असं तपासलं की मला शाळेतल्या इन्स्पेक्टरची आठवण झाली.

"पॅकिंगचा महिना कुठाय?"

तो पाकिटाच्या मागे शिक्क्याने मारलेला होता आणि पुसला गेला होता.

"किंमत? आणि हे तेल बघा, कागदातून वर आलंय. मी दुकानात हे पाकीट उचलणारच नाही. वास छान आहे हो, पण दुकानात वास कुठे येतो? तिथे फक्त लेबल दिसतं."

मी विमलताईंकडे बघितलं. त्या चहात बिस्कीट बुडवत होत्या. बाईंनी मग आपल्या स्वयंपाकघरातल्या बाटल्या काढून दाखवल्या. लोणचं, जॅम, सॉस. सगळ्यांवर चकचकीत कागद आणि त्यावर वाटीभर पदार्थाचा फोटो, असा की आत्ता बोट बुडवावं. आम्हाला एवढी माहिती देऊन वर "परत चुकलात तर इकडेच या" असंही म्हणाल्या. शहरातली माणसं दार उघडत नाहीत असं मी वीस जणींना सांगत आले होते. आता ते बंद केलं आहे.

मसाला मार्केट आणि शिरवणे, शनिवार

मसाला मार्केटच्या फाटकातून आत शिरलं की पहिल्यांदा शिंक येते. मग दुसरी. तिसऱ्या शिंकेनंतर डोळे पुसून बघितलं तर मिरचीच्या पोत्यांच्या भिंती उभ्या, पलीकडे धणे, हळद, खोबरं, दगडफूल. देशभरातला मसाला तिथे येऊन पडलेला. पाठीवर पोतं घेतलेले माथाडी त्या गर्दीतून असे सरसर जात होते की आपणच बाजूला व्हावं. त्यातले निम्मे आमच्याच बाजूचे. पाटण, जावळी, वाई. एकाने विमलताईंच्या बोलण्यावरून ओळखलं आणि थांबलाच.

"कुठल्या वो तुमी?"

"कराड."

"आन् गाळा?"

मी जयंतीशेठचं नाव सांगितलं. त्याचं तोंड एकदम फुललं. "पाठमोरीवाल्या का? आरं, तुमचा माल मीच उतरवतो की! नाव कोन वाचतंय? पाठमोरी म्हंटलं की सगळ्यांला कळतंय."

त्याला सगळे नाना म्हणत. मूळचा पाटणकडचा. तो पुढे झाला आणि आम्हाला गाळ्यापर्यंत पोचवून गेला. जाता जाता उद्या रविवारी कोपरखैरण्याला जेवायला यायचंच असं बजावून गेला. आम्ही नको नको म्हणेपर्यंत तो पोत्याखाली गेलाही होता.

जयंतीशेठ गोरेपान, हसरे, बोलायला गोड. त्यांनी आम्हाला गाळ्याच्या मागे नेलं आणि आमची पाकिटं दाखवली. मी कपाळावर हात मारला. पाकिटं उघडी होती, म्हणजे मसाला होता पण लेबल नव्हतं. कुठे अर्धं, कुठे फक्त कोपरा, कुठे नुसता मुसळाचा शेंडा.

"कोक्रोच, बेन," शेठ म्हणाले. "तुमचा गोंद लई टेस्टी. सगळा माल सोडून तुमचाच लेबल खातात."

याचं कारण मला लगेच कळलं. लेबल आम्ही मैद्याच्या खळीने चिकटवतो. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, मग तिला झुरळ शिवत नाही. पण मोरचूद विष. विमलताईंनी पहिल्या दिवसापासून सांगितलेलं, की खाण्याच्या पाकिटाला विष लावायचं नाही. कराडच्या कोरड्या हवेत कधी काही झालं नाही. इथे खाडीची ओल, आणि झुरळं तर अशी की मांजर बिचकेल. वाटेत एखादं लेबल फाटलं असेल तर बदलायला आम्ही जुन्या लेबलांचा गठ्ठा बरोबर आणला होता. तो पिशवीतून काढावासुद्धा वाटेना.

"बेन, मी वाईट नाय बोलत," शेठ म्हणाले. "माल एक नंबर. पण जमाना बदलला. हे नवीन नवीन सोसायटीवाले, दुकानात जातात, हाताने उचलतात, वाचतात, परत ठेवतात. पहिला गिराईक मला विचारायचा, शेठ चांगला काय हाय? आता मला कोण विचारतो? लेबलला विचारतो. स्टिकर पाहिजे, चमक पाहिजे, तारीख पाहिजे. आणि ही बाई..." ते जरा थांबले. "बाई आपली पाठ दाखवते गिराईकला. तोंड तरी दाखवा. नायतर काढून टाका."

विमलताईंनी अर्धवट खाल्लेलं एक लेबल नखाने अलगद सोडवलं आणि पदराच्या गाठीत ठेवलं. मला शेठचा राग आला, आणि ते म्हणत होते ते पटतही होतं, म्हणून आणखीच राग आला.

शेठनीच शिरवण्याजवळच्या एका स्टिकर छापणाऱ्याचा पत्ता दिला. शिरवणे हे जुनं गाव. आता एका बाजूला नेरूळच्या इमारती, दुसऱ्या बाजूला कारखाने, मध्ये कौलारू घरं आणि अंगणात वाळत घातलेली सुकट. कारखाना म्हात्र्यांचा. म्हात्रे त्याच गावचे आगरी, सोन्याची जाड साखळी आणि हाताला शाई.

"या ताई, बसा. पानी घ्या. हितं आमचा भात व्हायचा," ते मशीनकडे बोट दाखवून म्हणाले. "जमीन गेली ह्या नव्या शेरात. मी म्हनलो, रडून काय करू? ज्या गावात सगलं पॅक होऊन येतं नि पॅक होऊन जातं, तठं लेबलाला मरन नाय."

त्यांनी आम्हाला सगळं फिरून दाखवलं. मी इतकी हरखले की मान दुखत होती हेही विसरले. लांबच लांब गुंडाळीवर लेबलं छापली जात होती, मागचा कागद सोलला की जिथे लावाल तिथे चिकटणारी. औषधाच्या बाटलीची लेबलं मुंगीएवढ्या अक्षरांची. कळंबोलीला ट्रकवाले घेतात त्या ऑइलच्या डब्यांची लेबलं, ती अंगठ्याने घासून बघतात म्हणे, रंग सुटला तर माल नकली. न्हावा शेव्याहून बोटीत चढणाऱ्या खोक्यांची लेबलं वेगळीच, समुद्राच्या दमट हवेत महिनाभर टिकायला हवीत, आणि काहींवर अरबी.

"आता जास्त काय मागतात लोकं?" मी विचारलं.

"खान्याची," म्हात्रे म्हणाले. "दोन वर्साआधी औषधं नि ऑइल. आता घराघरातून बाया येतात. पापड, लोनची, पीठं. फ्लॅटातल्या बायांना येल नाय घरी करायला, नि दुसऱ्या बायांना करायला येल हाय. समद्यांना पायजे चकचकीत. आनखी एक सांगू? समद्या आल्या की पैलं इचारतात, शेजारनीचा कसा हाय, तसाच द्या."

त्यांच्या घरून डबा आला. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि जवळ्याची चटणी. विमलताईंचा शनिवार होता, त्यांनी भाकरीला नुसता गूळ लावून घेतला. माझा कसलाच वार नसतो. मी दोघींच्या वाटणीचा जवळा खाल्ला. ज्वारीच्या भाकरीला ती सर नाही असं मी कधी म्हणेन वाटलं नव्हतं, पण त्या दिवशी म्हटलं.

निघताना म्हात्र्यांनी आमचं लेबल उजेडात धरलं. "चित्र झकास हाय. कोनी काढलंय?"

विमलताई म्हणाल्या, "घरच्यांनी."

"ठेवाचा का काढाचा?"

त्या म्हणाल्या, "सोमवारी सांगते." रात्री माधुरीने मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, काकू एवढ्या गप्प का? टेन्शनमध्ये आहेत का?" मी म्हटलं, अगं, त्या नेहमीच गप्प असतात. पण ते खरं नव्हतं. गप्प असण्यातही फरक असतो, आणि मला भीती वाटत होती, की त्या हटून बसतील आणि मसाला बंद करतील. त्याहून मोठी भीती अशी, की माझ्या आग्रहाखातर हो म्हणतील आणि मनातून मोडतील.

कोपरखैरणे, रविवार

कोपरखैरण्यात माथाड्यांची वसाहत. एकाला एक चिकटून छोटी छोटी घरं, दारात तुळस, ओट्यावर बायका. रिक्षातून उतरलो आणि मला क्षणभर साताऱ्याला आल्यासारखं वाटलं. तीच बोली, तोच मोठा आवाज, तसंच ओट्यावरून पलीकडच्या घराशी बोलणं. नेरूळात शेजारी घंटा वाजवून येतो, इथे शेजारीण बोलत बोलतच आत येते.

नानाची बायको सुमन चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढून, उठलीच नाही. मटण शिजत होतं आणि सगळ्या घरात आमच्याच मसाल्याचा वास होता. स्वतःच्या हातचा मसाला परक्या घरात शिजताना कसा वास येतो, हे मला पहिल्यांदा कळलं. जास्त चांगला येतो.

"वैनी, मसाल्याचा डबा द्या की वरचा," सुमन विमलताईंना म्हणाली. परक्या पाहुणीला कामाला लावायचं, ही आमच्याकडची आपुलकी.

विमलताईंनी फळीवर हात घातला आणि तो तिथेच राहिला. फळीवर सारखे डबे होते, आणि मसाल्याच्या डब्यावर आमचं लेबल होतं. फाटलेलं नाही, चुरगळलेलं नाही. हिरवं लुगडं, उचललेलं मुसळ, सगळं जसंच्या तसं.

"हे इथं कसं गं लावलंस?" विमलताईंनी विचारलं.

"कढईच्या वाफंवर पाकीट धरायचं," सुमन म्हणाली, "मग अलगद सुटतंय. खळ हाय न्हवं. तीच खळ डब्याला पुन्ना चिकटती. आमी सगळ्या तसंच करतो."

"सगळ्या?"

सुमनने दारातून हाक मारली. पाच मिनिटांत ओट्यावर आठ-दहा बायका, कुणाच्या हातात स्टीलचा डबा, कुणाच्या हातात पत्र्याचा. प्रत्येकीच्या डब्यावर पाठमोरी. कुणी वरून पारदर्शक टेप लावला होता, कुणी तेलाचा हात लागू नये म्हणून प्लॅस्टिक. एक जण म्हणाली, "मला ही माजी थोरली भन वाटती. अशीच उभी ऱ्हायाची." दुसरी म्हणाली, "भन कशाची, आय हाय ती." एक म्हातारी डबा पोटाशी धरून म्हणाली, "तोंड वळवून बघंल आसं वाटतंय बगा. कामात हाय म्हनून बगत न्हाई." यावर सगळ्या हसल्या. विमलताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. आपणच ती बाई, हे त्यांनी सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

मग माझ्या तोंडून नको ते निघालंच, की आता लेबल बदलणार, स्टिकर येणार. सगळ्यांनी आपापल्या डब्याकडे बघितलं.

"ते सुटंल का वाफंवर?" सुमनने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "फाटेल."

"मग नव्या डब्याला काय लावायचं?"

विमलताई उठल्या, माझ्या पिशवीतून जुन्या लेबलांचा गठ्ठा काढला आणि वाटायला सुरुवात केली. हळदीकुंकवाला वाण द्यावं तसं एकेकीच्या हातात. कुणी लेकीसाठी जास्तीचं मागितलं, कुणी गावाकडच्या सुनेसाठी. गठ्ठा संपला तेव्हा मटणाचा रस्सा आटून गेला होता, पण तसा आटलेला रस्सा मी आजवर खाल्लेला नाही. नाना म्हणाला, आज सुमनचा हात बिघडला. त्याला सगळ्यांनी मिळून झापलं.

शिरवणे, सोमवार

रिक्षातून जाताना मी मनाशी भाषण तयार केलं. म्हात्र्यांना सांगायचं, चित्र तेच ठेवा, फक्त कागद चांगला घ्या. शेठला सांगायचं, चालत नसेल तर दुसरा गाळा बघतो. मी इतकी वर्षं मनातल्या मनात लेबल बदला म्हणत आले होते, आणि आता लेबलासाठी सगळ्या वाशीशी भांडायला निघाले होते.

म्हात्र्यांनी खुर्च्या पुढे केल्या. मी सुरुवात करणार, तोच विमलताई बोलल्या.

"म्हात्रेशेठ, स्टिकर करा. पिवळी जमीन घ्या, वर लाल मिरच्या नि लसणाचा गड्डा. महिना, किंमत, वजन मोठ्या अक्षरात. त्या बँकेतल्या बाईला चष्म्याबिगर वाचता आलं पाहिजे."

"नि बाई?"

"बाई नको."

"अहो ताई!" मी ओरडलेच. "काल बघितलंत ना तुम्ही! त्या बायका..."

"बघितलं म्हणूनच," त्या म्हणाल्या. म्हात्र्यांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे वळून, हळू आवाजात. "आगं, मी तुझ्या भावजींना म्हणाले होते, मला दुकानात उभी करू नगा. त्यांनी ऐकलं न्हाई, उभी केली. इतकी वर्षं गिराईकाकडं पाठ करून उभी राहिले. आता मला घरात घेतलंय की ह्या बायकांनी. चुलीपाशी जागा दिलीय. पुन्ना दुकानात कशाला जाऊ?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचा हात धरला. म्हात्र्यांनी वही पुढे ओढली आणि विचारलं, "मिरच्या किती काढू?"

"भरपूर काढा," विमलताई म्हणाल्या.